कायद्याची स्मृती आणि एका गायकाची माफी

नाताळ आठवड्यावर आला असताना, १८ डिसेंबर २०२५ रोजी, अमेरिकेतील टेनेसी राज्याचे गव्हर्नर बिल ली यांनी ३३ जणांना माफी दिली. नाताळच्या सुमारास असे क्षमादान करण्याचा त्यांचा प्रघात आहे आणि एरवी त्याची बातमी राज्याच्या सीमेपलीकडे फारशी जात नाही. या वेळी ती जगभर गेली, कारण त्या ३३ नावांत जेसन डीफोर्ड हे एक नाव होते. चेहराभर गोंदण, एकेकाळी पाचशे पौंडांच्या पुढे गेलेला देह आणि खर्जातला भरडा आवाज असलेला हा एकेचाळीस वर्षांचा गृहस्थ ‘जेली रोल’ या नावाने आज अमेरिकेत घरोघरी ठाऊक आहे. नॅशव्हिलच्या रस्त्यावर मोटारीतून रॅपच्या ध्वनिफिती विकणारा हा माणूस कंट्री संगीताच्या अग्रभागी जाऊन बसला, ही कथा अमेरिकी माध्यमांनी गेली तीन वर्षे अगदी चवीने सांगितली आहे. माफीने त्या कथेला साजेसा शेवट मिळाला, असे बहुतेकांनी मानले.

तथापि ही माफी नेमकी कशाची होती, ती मिळायला वीस वर्षांहून अधिक काळ का लागला आणि हाच माणूस केवळ रॅप गात राहिला असता तर ती मिळाली असती का, हे प्रश्न त्या गोड शेवटाच्या आड राहून गेले. त्यांची उत्तरे शोधायची तर जेली रोलच्या आयुष्याबरोबर टेनेसीचा कायदा आणि नॅशव्हिलचा संगीतबाजार, या दोहोंकडे पाहावे लागते.

नॅशव्हिल म्हटले की पर्यटकांना ब्रॉडवेवरचे गाणारे मद्यालय आणि काउबॉय टोप्यांची दुकाने आठवतात. त्याच शहराच्या आग्नेयेला अँटिओक नावाचे कष्टकऱ्यांचे उपनगर आहे. ४ डिसेंबर १९८४ रोजी जन्मलेला जेसन तेथे वाढला. वडील मांसाचे घाऊक विक्रेते. जोडीला सट्ट्याच्या पैजाही घेत. आई मानसिक आजार आणि व्यसन यांच्या कचाट्यात सापडलेली. मुलगा गुबगुबीत म्हणून ‘जेली रोल’ हे लाडाचे नाव तिनेच ठेवले आणि ते पुढे कायमचे चिकटले. आई खोलीबाहेर आली आणि तिने तबकडी लावली की घर जिवंत होई, अशी आठवण तो सांगतो. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास त्याला पहिली अटक झाली. त्यानंतरच्या दशकात किशोर बंदिगृह, कारागृह, सुटका आणि पुन्हा अटक असा क्रम चालू राहिला. आपल्याला सुमारे चाळीस वेळा अटक झाली, असे तोच सांगतो.

यांतल्या दोन प्रकरणांनी त्याच्या नावावर कायमचा शिक्का मारला. पहिले २००२ सालचे. ओळखीच्या एका तरुणीच्या मदतीने तो आणि दोन सशस्त्र साथीदार एका घरात शिरले आणि त्यांनी तेथील माणसांकडून ३५० डॉलर लुबाडले. लुबाडले गेलेले लोक त्या तरुणीला ओळखत होते. साहजिकच अटक व्हायला वेळ लागला नाही. त्याच्या वयाची अठरा वर्षे तेव्हा पूर्ण झालेली नव्हती, पण खटला प्रौढ म्हणून चालला. वर्षभराचा कारावास आणि त्यापुढे अनेक वर्षांची देखरेख वाट्याला आली. दुसरे प्रकरण २००८ सालचे. मोटारीत गांजा आणि क्रॅक कोकेन सापडले आणि न्यायालयाने आठ वर्षे देखरेखीखाली ठेवले.

गुन्हा क्षुल्लक होता असे म्हणण्याचे कारण नाही. घरात शस्त्रधारी माणसे शिरली तर घरातल्यांना रक्कम साडेतीनशे होती की साडेतीन लाख, याने फरक पडत नाही. जेली रोलनेही कधी त्याचे समर्थन केलेले नाही. प्रश्न शिक्षा व्हावी की नाही हा नव्हताच, ती झाली. प्रश्न तिच्या मुदतीचा होता. अठरा वर्षांखालील मुलाला मत देता येत नाही, दारू विकत घेता येत नाही, करारावर सही करता येत नाही. दरोड्याच्या आरोपासाठी मात्र त्याला एका दिवसात प्रौढ ठरवता येते आणि एकदा तसे ठरले की त्या निर्णयाचे परिणाम तो चाळिशी ओलांडेपर्यंत त्याच्यामागे चालत राहतात.

मे २००८ मध्ये तो कारागृहात असताना पहारेकऱ्याने कोठडीच्या दारावर थाप मारून त्याला मुलगी झाल्याचे सांगितले. हा प्रसंग त्याने असंख्य मुलाखतींतून सांगितला आहे. आयुष्य तेथे वळले, असे त्याचे म्हणणे. असे वळण सांगणाऱ्याला जितके तीव्र भासते तितके ते प्रत्यक्षात क्वचितच असते. पण एक गोष्ट नोंदलेली आहे. अर्धवट सुटलेले शिक्षण त्याने तुरुंगातच शालान्त समकक्ष परीक्षा देऊन पूर्ण केले. बाहेर आल्यावर त्याच्याजवळ विकण्याजोगी एकच वैध वस्तू होती, ती म्हणजे यमक जुळवण्याची हातोटी.

येथून पुढची दहा वर्षे त्याच्या चरित्रातला सर्वांत दुर्लक्षिलेला आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. टेनेसीच्या दुसऱ्या टोकाला मेम्फिस आहे. तेथल्या थ्री सिक्स माफिया या चमूने दाक्षिणात्य हिप-हॉपला अंधारी, जडशीळ अशी एक घाटणी दिली होती. त्याच परंपरेतला लिल वाइट आणि नॅशव्हिलचाच गोरा रॅपर हेस्टॅक यांच्यासोबत जेली रोलने ध्वनिमुद्रणे केली. मोठी कंपनी पाठीशी नव्हती. स्वतः मुद्रित करायचे, मोटारीतून विकायचे, यूट्यूबवर टाकायचे आणि छोट्या गावांतल्या क्लबांत गाड्या दामटत कार्यक्रम करायचे, हा शिरस्ता होता. २०१७ पासून त्याने कंट्री गायक वेलन जेनिंग्जच्या घराण्याशी नाते असलेल्या स्ट्रगल जेनिंग्जसह ‘वेलन अँड विली’ ही गीतसंग्रहांची मालिका काढली. नाव कंट्रीतल्या दोन बंडखोरांचे आणि आतला मजकूर रॅपचा. श्रोता कोण, तर कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या, कारखाने उठलेल्या आणि वेदनाशामक गोळ्यांचा सुळसुळाट झालेल्या गावांतला तरुण. कंट्रीचे नभोवाणी केंद्र त्याच्या मोटारीत लागत असे आणि हिप-हॉप त्याच्या कानातल्या यंत्रात. त्या दोहोंत विरोध आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

कंट्री रॅप या प्रकाराला समीक्षकांनी फारशी प्रतिष्ठा कधी दिली नाही. जॉर्जियाच्या बब्बा स्पार्क्सचा ‘डिलिव्हरन्स’ हा २००३ सालचा संग्रह वाखाणला गेला, तो अपवादच. पुढल्या वर्षी नेली आणि टिम मॅकग्रॉ यांचे संयुक्त गाणे गाजले. २००५ मध्ये काउबॉय ट्रॉय हा कृष्णवर्णीय कलावंत काउबॉय टोपी घालून रॅप करू लागला, तेव्हा नॅशव्हिलने त्याच्याकडे कुतूहलाने पाहिले, पण घरात घेतले नाही. कोल्ट फोर्डने याच प्रकारासाठी २००८ मध्ये स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी उभारली. त्याने ब्रँटली गिल्बर्टसह लिहिलेले गाणे जेसन आल्डीनने २०११ मध्ये गायले आणि ते कंट्रीच्या यादीत शिखरावर पोहोचले, कारण आता गाणारा कंट्रीतला प्रस्थापित गोरा तारा होता. पदार्थ तोच, पंगत बदलली की पाहुण्यांची तक्रार थांबते.

जेली रोलच्या बाबतीत पंगत २०२० मध्ये बदलली. त्या वर्षी त्याने ‘सेव्ह मी’ हे गाणे काढले. त्यात रॅप नाही. एक गिटार, संथ लय आणि व्यसनात बुडालेल्या माणसाची हाक, एवढेच त्याचे साहित्य. महासाथीच्या त्या वर्षात घराघरांत कोंडलेल्या आणि एकाकी झालेल्या लोकांनी ते कोट्यवधी वेळा ऐकले. २०२१ मध्ये नॅशव्हिलच्या कंपनीने त्याच्याशी करार केला. नोव्हेंबरात ग्रँड ओल ऑप्रीच्या रंगमंचावर तो प्रथम उभा राहिला. मग यशाची माळ लागली. २०२२ मध्ये एक गाणे रॉकच्या यादीत अव्वल, जानेवारी २०२३ मध्ये ‘सन ऑफ अ सिनर’ कंट्रीच्या नभोवाणी यादीत अव्वल, त्यानंतर ‘नीड अ फेव्हर’ दोन्हीकडे. अँटिओकमधील ज्या चर्चमध्ये किशोरवयात त्याचा बाप्तिस्मा झाला त्याच्या नावाचा ‘व्हिटसिट चॅपल’ हा संग्रह २०२३ च्या जूनमध्ये आला, आणि नोव्हेंबरात कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला ‘नवोदित कलावंत’ ठरवले. तेव्हा तो एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होता आणि दोन दशके गात होता. आधीची दोन दशके नॅशव्हिलच्या हिशेबी जमाच नव्हती!

या ठिकाणी थोडे थांबून पाहिले पाहिजे. रॅपमध्ये त्याने जे सांगितले, तेच तो कंट्रीत सांगत होता. अमली पदार्थ, कोठडी, मेलेले मित्र, अपराधी मन या सामग्रीत फरक नव्हता. बदलला तो साज, आणि साजाबरोबर ऐकणाऱ्याची भूमिका बदलली. रॅपर गुन्ह्याविषयी बोलतो तेव्हा अमेरिकेतील मोठा वर्ग त्याला फुशारकी मानतो. कंट्री गायक बोलतो तेव्हा तोच वर्ग त्याला पश्चात्ताप समजतो. जॉनी कॅशने १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या तुरुंगगीताचा निवेदक खुनी आहे. १३ जानेवारी १९६८ रोजी फॉल्सम कारागृहात कॅशने ते कैद्यांपुढे गायले आणि त्या ध्वनिमुद्रिकेने त्याला अजरामर केले. प्रत्यक्षात कॅशने तुरुंगवासाची शिक्षा कधी भोगलीच नव्हती. कल्पनेतला तो खून कोणत्याही सरकारी वकिलाने त्याच्याविरुद्ध वापरला नाही, हे सांगायला नकोच.

आता जॉर्जियातील फुल्टन परगण्याकडे पाहावे. रॅपर यंग थग याच्यावर मे २०२२ मध्ये टोळीगुन्हेगारीचा आरोप ठेवण्यात आला. त्याच्या गाण्यांतील ओळी पुरावा म्हणून मांडण्यास न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये अटींसह परवानगी दिली. राज्याच्या इतिहासातील सर्वाधिक लांबलेला हा फौजदारी खटला ऑक्टोबर २०२४ अखेर कबुलीवर मिटला. तोवर भोगलेला बंदिवास हीच शिक्षा मानून त्याला सोडण्यात आले आणि पंधरा वर्षांची देखरेख मागे लागली. आरोप खरे की खोटे, हा वेगळा विषय. मुद्दा असा, की एका संगीतप्रकारात कविता ही साक्ष ठरते आणि दुसऱ्यात ती कबुलीजबाब होऊन माणसाला पावन करते. या विषमतेची दखल काही ठिकाणी घेतली गेली आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून कलाकृतींचा असा वापर कठीण केला. टेनेसी किंवा जॉर्जिया त्या वाटेला गेलेले नाहीत.

वंशाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. जेली रोल गोरा आहे, आणि म्हणूनच रॅपमधून कंट्रीत जाण्याचा पूल त्याला ओलांडता आला, असे म्हणणारे अनेक आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. मार्च २०१९ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय तरुणाचे ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून वगळले. आजच्या कंट्री संगीताचे घटक त्यात पुरेसे नाहीत, असे कारण देण्यात आले. पुढे तेच गाणे सर्वसाधारण यादीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. बियॉन्से २०२४ मध्ये कंट्रीच्या यादीत अव्वल ठरणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री झाली. कंट्री म्युझिक असोसिएशनने मात्र त्या वर्षी तिला एकही नामांकन दिले नाही. अर्थात चित्र अगदीच एकरंगी राहिलेले नाही. त्याच वर्षी शबूझी या कृष्णवर्णीय गायकाने २००४ सालच्या एका रॅप गाण्याच्या पायावर रचलेले गीत १९ आठवडे अग्रस्थानी ठेवले, आणि या वेळी कंट्रीच्या यादीतून ते कोणी हटवले नाही.

योगायोग असा, की ऑप्रीच्या इतिहासात ‘डीफोर्ड’ हे नाव पूर्वीही येऊन गेले आहे. डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादक या कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक. १९२७ साली त्याच्याच वादनाच्या वेळी निवेदकाने कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव सहज बोलून दिले. १९४१ मध्ये बेलीला काढून टाकण्यात आले. त्यानंतर बूटपॉलिशच्या दुकानावर त्याने उदरनिर्वाह केला. कंट्रीच्या सन्मानदालनात त्याचा समावेश झाला तो २००५ मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. जेसन डीफोर्डचा या बेलीशी नात्याचा काही संबंध नाही. दोघांना दाराशी किती काळ ताटकळावे लागले, एवढाच काय तो तुलनेचा भाग.

जेली रोलवर मात्र या विषमतेचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. रॅपमधली पूर्वपीठिका त्याने झाकली नाही. एमिनेमच्या २०२४ च्या संग्रहातील शेवटचे गाणे ‘सेव्ह मी’वरच आधारलेले आहे आणि त्यात जेली रोलचा आवाज आहे. शबूझीसोबतही तो गायला. डिसेंबर २०२२ मध्ये नॅशव्हिलच्या ब्रिजस्टोन अरीनातला त्याचा कार्यक्रम हाउसफुल्ल झाला, तेव्हा त्यातून आलेला पैसा त्याने किशोरांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे आणि डेव्हिडसन परगण्याच्या किशोर बंदिगृहात ध्वनिमुद्रण कक्ष उभारण्याकडे वळवला. याच बंदिगृहात तो स्वतः मुलगा म्हणून राहिला होता. पश्चात्ताप हा अमेरिकेत उत्तम खपणारा माल आहे आणि उद्योगाने जेली रोलचा पश्चात्ताप यथेच्छ विकला, हे खरे. पण विकला गेला म्हणून तो खोटा ठरत नाही.

११ जानेवारी २०२४ रोजी तो सिनेटच्या बँकिंग समितीपुढे साक्षीला बसला. विषय होता फेंटानिल. २०२२ या एका वर्षात अतिमात्रेने अमेरिकेत सुमारे १ लाख ८ हजार माणसे दगावली होती आणि त्यांतली बहुसंख्य फेंटानिलसारख्या कृत्रिम अफूजन्य पदार्थांनी. रोज एक प्रवासी विमान कोसळून इतकी माणसे मेली असती तर देशाने काय केले असते, असा प्रश्न त्याने सभासदांना विचारला. आपण स्वतः हे विष विकत होतो, त्यात कोणाचा बळी जातो असे तेव्हा वाटतही नव्हते, हेही त्याने सांगून टाकले. फेंटानिलच्या आंतरराष्ट्रीय तस्करांच्या आर्थिक नाड्या आवळणारे ते विधेयक २४ एप्रिल २०२४ रोजी कायदा झाले. एका गायकाच्या साक्षीने कायदा होत नाही. ते परकीय मदतीच्या मोठ्या पॅकेजात घालून संमत करण्यात आले, ही वस्तुस्थिती लक्षात ठेवायला हवी. परंतु त्या साक्षीतले एक वाक्य संसदीय नोंदीत राहिले आहे. आपण कोणत्याही पक्षाचे नाही, कारण भूतकाळामुळे मत देण्याचा आपला अधिकार आजवर मर्यादित आहे, अशा आशयाचे. ज्या माणसाला संसद कायदा कसा करावा हे विचारते त्याला कायदा करणारे निवडता येत नाहीत, हा विरोधाभास समितीतील सदस्यांना जाणवला असणारच.

हा विरोधाभास एकट्या जेली रोलचा नाही. गंभीर गुन्ह्याच्या शिक्षेनंतर मताधिकार परत देण्याबाबत टेनेसी हे अमेरिकेतील सर्वांत कठोर राज्यांत मोडते. ‘सेंटेन्सिंग प्रोजेक्ट’ या संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार तेथे सुमारे ४ लाख ७० हजार माणसे शिक्षेमुळे मतापासून वंचित होती. हे प्रमाण राज्यातील प्रौढ नागरिकांच्या नऊ टक्क्यांहून अधिक, आणि कृष्णवर्णीय प्रौढांत पाचात एकाहून अधिक आहे. २०२३ च्या जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात कडक निकाल दिला. त्याचा आधार घेऊन पुढच्याच महिन्यात निवडणूक विभागाने असे ठरवले, की आता अर्जदाराने आधी माफी मिळवावी किंवा न्यायालयाकडून नागरी हक्क परत आणावेत आणि मगच मताधिकाराची प्रक्रिया सुरू करावी. जी वाट आधीच अरुंद होती तिच्यावर आणखी एक फाटक बसले.

आणि मताधिकार हा तरी एकच धागा. मोठ्या शिक्षेचा शिक्का असलेल्याला नोकरीच्या अर्जात तो सांगावा लागतो, भाड्याचे घर नाकारले जाते, अनेक सेवाभावी संस्थाही दारातून परत पाठवतात. जेली रोलकडे पैसा आल्यावर त्याने गोल्फ मैदानाशेजारच्या एका वसाहतीत घर घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा जुन्या शिक्षेपायी आपल्याला नकार मिळाला, असे त्याने २०२३ मध्ये सांगितले होते. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्याला घर मिळत नसेल, तर अँटिओकमध्ये ताशी मजुरीवर राबणाऱ्या त्याच्या जुन्या सोबत्याला काय मिळत असेल, याची कल्पना करता येते.

माफीकडे जाणारी वाट कशी होती, हेही पाहण्याजोगे आहे. अर्जामागे उभे राहणाऱ्यांत डेव्हिडसन परगण्याचे शेरीफ डॅरन हॉल होते. ज्या कारागृहात तो खितपत पडला होता ते ज्यांच्या ताब्यात असते, त्यांनीच त्याच्या बाजूने पत्र लिहिले. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या पॅरोल मंडळाने सुनावणीनंतर एकमताने शिफारस केली. ती बंधनकारक नसते, अंतिम शब्द गव्हर्नरचा. आपल्याला परदेशांत गायनाचे दौरे करायचे आहेत आणि धर्मकार्यासाठीही जायचे आहे, प्रत्येक वेळी कागदपत्रांचा डोंगर उपसावा लागतो, असे जेली रोलने मंडळापुढे मांडले होते. आठ महिन्यांनी ली यांनी स्वाक्षरी केली. इतरांच्या अर्जांना लावली तीच चाळणी यालाही लावली, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

गव्हर्नरांचे म्हणणे अप्रामाणिक मानायचे कारण नाही. रिपब्लिकन पक्षाचे असूनही तुरुंगातून बाहेर येणाऱ्यांच्या पुनर्वसनाविषयी ली सुरुवातीपासून बोलत आले आहेत. २०२२ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या विधिमंडळाने काही हिंसक गुन्ह्यांत शिक्षा पूर्ण भोगायला लावणारा, पॅरोलची सवलत काढून घेणारा कायदा आणला. त्याने गुन्हे कमी होणार नाहीत, अशी शंका नोंदवून ली यांनी त्यावर सही केली नाही. अर्थात त्यांनी नकाराधिकारही वापरला नाही आणि कायदा सहीवाचून अमलात आला. म्हणजे एका हाताने वर्षाकाठी काही डझन जणांना माफी आणि दुसऱ्या हाताने कायद्याच्या कठोरपणाकडे कानाडोळा. माफी ही व्यक्तीला मिळते आणि नियम सर्वांना लागू राहतो. त्यामुळे नियमाला हात न लावता औदार्य दाखवण्याची सोय राजकारण्याला त्यात आहे.

अशी माफी कंट्रीत पूर्वीही एकदा गाजली होती. मर्ल हॅगार्ड हा कॅलिफोर्नियाचा तरुण घरफोडीपायी सॅन क्वेंटिन कारागृहात गेला. तेथे कैद्यांपुढे गाणाऱ्या जॉनी कॅशला त्याने श्रोत्यांत बसून ऐकले, आणि १९६० मध्ये सुटल्यावर तो स्वतः कंट्रीचा मोठा गायक झाला. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला पूर्ण माफी दिली. कायदा आणि सुव्यवस्थेची भाषा बोलणाऱ्या नेत्याला पश्चात्तापदग्ध कंट्री गायकाच्या खांद्यावर हात ठेवणे तेव्हाही जड गेले नव्हते. त्यानंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियातील तुरुंग ओसंडून वाहू लागले. हॅगार्डची गाणी मात्र नभोवाणीवर वाजतच राहिली.

जेली रोलच्या बाबतीत माफीपाठोपाठ मान्यतेचीही रीघ लागली. माफीच्या काही दिवस आधीच ऑप्रीने त्याला सदस्यत्वाचे निमंत्रण दिले होते. ‘ब्यूटिफुली ब्रोकन’ हा त्याचा संग्रह ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रकाशित होताच पहिल्या क्रमांकावर गेला होता; फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याला समकालीन कंट्री संग्रहाचे ग्रॅमी मिळाले. स्वीकाराच्या भाषणात तो आपल्या लहानशा कोठडीविषयी बोलला.

माफीने त्याचा गुन्हा पुसला गेलेला नाही. टेनेसीतील माफी हे शिक्षा भोगलेल्याला राज्याने दिलेले क्षमेचे निवेदन असते. तिच्या आधारे काही नागरी हक्क परत मिळू शकतात, पण राज्याच्या कायद्यातील मर्यादा कायम राहतात. ज्या परदेश दौऱ्यांसाठी त्याने अर्ज केला तेथेही टेनेसीच्या गव्हर्नरची स्वाक्षरी अंतिम नाही. जुन्या शिक्षेच्या माणसाला प्रवेश द्यायचा की नाही, हे प्रत्येक देश आपल्या नियमांनी ठरवतो. त्याच दिवशी माफी मिळालेल्या इतर ३२ जणांपैकी कोणाच्याही घरासमोर कॅमेरे गेले नाहीत. त्यांनाही आता जवळच्या निवडणूक कार्यालयात जाऊन मताधिकारासाठी अर्ज भरायचा आहे.